दाट झाडीच्या बागेत पक्षी कसे पाहावेत

तळ्याकाठी पक्षी समोर असतात. बगळा चिखलात उभा असतो, बदकं पोहत असतात. दुर्बीण लावली की काम झालं. शहरातल्या जुन्या, दाट झाडीच्या बागेत मात्र पक्षी सगळीकडून ऐकू येतात आणि दिसत कुठेच नाहीत. नवखा माणूस तासाभरात बागेला दोन फेऱ्या मारतो, वर बघून बघून मान आखडते आणि वहीत कावळा, कबूतर, साळुंकी एवढीच नावं पडतात. त्याच वेळात एखाद्या फळलेल्या उंबराखाली शांत बसलेल्याला आठ-दहा जाती सहज दिसून जातात. झाडीत चालणाऱ्याला पक्षी दिसत नाहीत, थांबलेल्याला दिसतात. आणि कुठे थांबायचं ते झाडं सांगतात.

पुढची उदाहरणं मुख्यतः पुण्याच्या एम्प्रेस गार्डनसारखी बाग डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत: जुने वड-उंबर, चिंचा, गारंबीचा अजस्र वेल, मधून वाहणारं पाणी. भायखळ्याची राणीची बाग, माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान किंवा तुमच्या गावातली एखादी जुनी बाग असली तरी पद्धत हीच.

बाग आणि वेळ

बाग निवडताना हिरवळ आणि कारंजी बघू नका. कवेत न मावणारी जुनी झाडं, त्यांच्याखाली झुडपं, कुजणारा पालापाचोळा आणि कुठेतरी थोडं पाणी, एवढं असेल तर बाग चांगली. रोज खराटा फिरणारी, झुडपं कातरलेली बाग माणसांना आवडते, पण जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यांना तिथे खायला काही उरत नाही. कस्तूर, दयाळ, सातभाई हे पाचोळा उलटून त्याखालचे किडे खातात. म्हणून कोणत्याही बागेत आधी माळ्याला विचारा की पाला कुठे टाकता. खताचा खड्डा, रोपवाटिकेची मागची बाजू, कुंपणालगतची माजलेली घाणेरी, हे बागेतले सगळ्यात चांगले कोपरे असतात आणि तिथे गर्दीही नसते.

वेळ सूर्योदयापासून पहिले अडीच-तीन तास. पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, मे-जूनमध्ये सहाच्या सुमारास, त्यामुळे "सकाळी साडेसहा" ही बारा महिने चालणारी वेळ नव्हे. उन्हाळ्यात दयाळ झुंजूमुंजू होण्याआधीच गायला लागतो. तो ऐकायचा असेल तर अंधारात फाटकाशी पोचायला हवं. हिवाळ्यात उलट, ऊन झाडाच्या शेंड्यावर पडल्याशिवाय हालचाल सुरू होत नाही. तेव्हा पहाटे कुडकुडत उभं राहण्यापेक्षा अर्धा तास उशिरा गेलेलं बरं.

बागेच्या वेळा आधी फलकावर बघून घ्या. तिकिटाच्या बागा अनेकदा उशिरा उघडतात आणि महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात. बाग उशिरा उघडत असेल तर पहाटे जवळच्या टेकडीवर जावं आणि ऊन चढल्यावर बागेत यावं. त्या वेळी पाण्याशी बसायचं; त्याबद्दल पुढे येईलच. एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या आसपास फुलांचं प्रदर्शन भरतं. ते जरूर पाहा, पण त्या दिवसांत तिथे पक्षीनिरीक्षण होत नाही.

आधी झाडं शिका

पक्ष्यांचं पुस्तक घेण्याआधी बागेतली वीस झाडं ओळखायला शिका, हा आमचा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. पक्षी उडून जातो, झाड उद्याही तिथेच असतं. कोणतं झाड कधी फुलतं, कधी फळतं हे कळलं की पक्ष्यांचं वेळापत्रक आपोआप हाती येतं.

वड, पिंपळ, उंबर, नांदरूक ही एकाच कुळातली झाडं बागेची खानावळ आहेत. यांची फळं ठरावीक एका मोसमात येऊन संपत नाहीत. एक वड फळतो तेव्हा शेजारचा रिकामा असतो, महिन्याभराने उलट. त्यामुळे दर भेटीला प्रत्येक वडाखाली जमीन बघायची. खाली लाल, कुस्करलेली फळं पडलेली दिसली की तिथेच थांबा. तांबट, बुलबुल, साळुंक्या, कोकीळ आणि हळद्या तिथे येतात. नशीब असेल तर राखी धनेश येतो. तो पंख मारत आणि मध्ये तरंगत, हेलकावे खात उडतो आणि आवाज घारीच्या किंचाळण्यासारखा काढतो. घार ऐकू आली पण आकाशात दिसत नाही, असं झालं की वडात बघावं.

याच झाडांवर हरियाल असतात, आपल्या राज्याचा पक्षी. पानांचा जो रंग तोच त्यांचा, आणि माणूस दिसला की ते गोठल्यासारखे स्तब्ध बसतात. वीस हरियाल बसलेल्या वडाखालून माणसं गप्पा मारत निघून जातात. युक्ती अशी: सकाळी ऊन येताच हे कबूतर आसपासच्या निष्पर्ण झाडाच्या टोकावर ऊन खायला बसतात. तेव्हा त्यांचे पिवळे पाय आणि खांद्यावरचा जांभळट डाग नीट दिसतो. तिथून ते उडून कोणत्या झाडात शिरतात हे पाहिलं की त्या दिवशीचा फळलेला वडही सापडतो.

जानेवारी ते मार्च हा फुलांचा काळ. काटेसावर, पांगारा, पळस पानं टाकून लाल-केशरी फुलतात आणि मधासाठी झुंबड उडते. भोरड्यांचे थवे, ब्राह्मणी मैना, कोतवाल, चष्मेवाले, शिंजीर, टकाचोर असे सगळे एका झाडावर मिळतात, तेही पानांच्या आडोशाशिवाय. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. फुललेल्या सावरीपासून पंधरा-वीस मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन बसा आणि एक तास जागा सोडू नका. झाडाच्या अगदी खाली उभं राहिलात तर पक्ष्यांची फक्त पोटं दिसतील, तीही आकाशाच्या उजेडात काळी.

आंब्यावरचं बांडगूळ माळी काढून टाकतो, पण जिथे ते आहे तिथे फुलटोच्या हमखास असतो. बागेतल्या सगळ्यात चिमुकल्या पक्ष्यांपैकी हा एक. बांडगुळाची फळं खातो, चिकट बी फांदीला पुसतो आणि त्यातूनच नवं बांडगूळ रुजतं. सतत "चिक्-चिक्" ऐकू येईल. नजर बांडगुळाच्या झुबक्यावर ठेवली तर दोन-तीन मिनिटांत दिसेल.

वाळलेली फांदी हे पक्ष्यांच्या दृष्टीने सोनं. तांबट आणि सुतार तिच्यातच ढोली कोरतात. तिरप्या फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, गोल, रेखीव भोक दिसलं तर ते बहुधा तांबटाचं. जुन्या चिंचेच्या किंवा शिरीषाच्या ढोलीत पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, असतो. ढोलीच्या काठावर आणि खाली पांढरी शीट दिसली, की दिवसाही तिथे दोन पिवळे डोळे तुमच्याकडे रोखून बघत असण्याची शक्यता बरीच असते.

निलगिरी, सुबाभूळ, गिरीपुष्पाच्या सलग लागवडीत वेळ घालवू नका. तिथून सरळ पुढे जा.

दुर्बीण

झाडीसाठी ८×४२ ची दुर्बीण घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. झाडांच्या दाट सावलीत आपली बाहुली साधारण तेवढी विस्फारते, म्हणून चित्र उजळ दिसतं. खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये हा झोत जेमतेम अडीच मिलिमीटरचा. मैदानात ती चालते, वडाखाली सगळं काळपट दिसतं. दहा पटीची दुर्बीण जास्त जवळ आणते म्हणून मोह होतो. पण तिच्यात दिसणारा परिसर अरुंद होतो, हाताचा कंपही दहा पट मोठा होतो. झाडीत पक्षी दहा-वीस मीटरवर असतो आणि दर सेकंदाला फांदी बदलतो. तिथे जवळ आणण्यापेक्षा चटकन सापडणं महत्त्वाचं. दोन-अडीच मीटरपर्यंतची वस्तू स्पष्ट दिसते ना, हेही दुकानातच तपासा. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली करून, चष्म्यासकट पूर्ण गोल चित्र दिसतं का ते बघूनच घ्या.

जुळवणी एकदाच करायची, पण नीट. बहुतेक लोक ती करतच नाहीत, आणि अर्ध्या तासात डोकं दुखलं की दोष दुर्बिणीला देतात.

१. दोन्ही नळ्या जवळ-लांब करा, दोन वर्तुळांचं एक वर्तुळ दिसेपर्यंत.

२. पंधरा-वीस मीटरवरची ठळक कडांची वस्तू निवडा. पाटीवरची अक्षरं उत्तम.

३. उजव्या पुढच्या भिंगावर हात धरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं लख्ख दिसू द्या.

४. आता डाव्या भिंगावर हात धरा. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडचं छोटं कडं फिरवून अक्षरं लख्ख करा.

५. त्या कड्यावरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा. इथून पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. घरातल्या दुसऱ्या कोणी दुर्बीण घेतली तर परत आल्यावर कडं आपल्या खुणेवर आणायचं.

पट्टा आखूड करा. दुर्बीण छातीवर टेकली पाहिजे, पोटावर लोंबता कामा नये. आणि पक्षी दुर्बिणीतून शोधू नका. नुसत्या डोळ्यांनी पक्षी पाहा, त्याच्यावर नजर खिळवून ठेवा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. खाली दुर्बिणीकडे बघितलंत की पक्षी हरवलाच. घराच्या गच्चीवरून समोरच्या झाडाची ठरावीक पानं पकडण्याचा सराव आठवडाभर रोज दहा मिनिटं केला तरी हात बसतो.

पावसाळ्यात दुर्बीण कपाटात कोंडू नका, आत बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि अधूनमधून हवा-उजेड दाखवा. भिंग पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ कुंचला, शेवटी कापड. शर्टाच्या टोकाने पुसलं की धुळीचे कण भिंगावर चरे पाडतात आणि ते चरे कायमचे राहतात.

बागेत शिरल्यावर

कपडे मातकट, हिरवे, राखी. पांढरा शर्ट सावलीत दिव्यासारखा चमकतो. फोनचा आवाज बंद. चौघांपेक्षा जास्त माणसं असतील तर दोन गट करा, कारण गप्पा थांबत नाहीत.

पहिल्या फेरीत एकूण अंतर एक किलोमीटरच्या वर जाऊ देऊ नका, आणि त्याला दीड ते दोन तास द्या. फाटकातून आत आल्यावर पहिली पाच मिनिटं काहीही न शोधता उभे राहा. रहदारीला सरावलेल्या कानाला बाग ऐकू यायला तेवढा वेळ लागतोच. मग ठरवलेल्या चार-पाच जागांवर, म्हणजे फळलेला वड, फुललेलं झाड, पाला, पाणी, झुडपांची कड, प्रत्येकी पंधरा ते वीस मिनिटं थांबा. तुमच्या येण्याने गप्प झालेले पक्षी पाच-सात मिनिटांत पुन्हा कामाला लागतात. बरेच जण नेमके तेव्हाच कंटाळून उठतात.

एका जागी थांबल्यावर नजर मजल्यांप्रमाणे फिरवा. आधी जमीन, मग झुडपं, मग खोड आणि जाड फांद्या, शेवटी शेंडा. प्रत्येक मजल्याचे राहणारे ठरलेले आहेत. पाल्यात नारिंगी डोक्याचा कस्तूर आणि सातभाई. झुडपात शिंपी, भारद्वाज, वटवट्या. मधल्या फांद्यांवर नाचण आणि टिकेलची निळी माशीमार. खोडावर सोनपाठी सुतार. शेंड्यात हळद्या, सुभग, पर्णवटवट्या. पानं शोधू नका, हालचाल शोधा: वाऱ्याने सगळ्या फांद्या हलतात, पक्ष्याने एकच हलते.

सोबत्याला जागा दाखवताना बोट करून "तिकडे, तिकडे" म्हणण्याने काही साधत नाही. झाड म्हणजे घड्याळ समजा. "पुढचा आंबा, खोड दोन फुटतं तिथून दोनच्या दिशेला, वाळक्या पानाच्या डावीकडे" असं सांगितलं तर समोरच्याला पक्षी उडायच्या आत सापडतो.

हिवाळ्यात एक चमत्कार पाहायला मिळतो, मिश्र थवा. दहा मिनिटं बाग निर्जीव असते आणि अचानक एका झाडात पक्षीच पक्षी: चष्मेवाले, सुभग, छोटे निखार, नाचण, पर्णवटवट्या, मागे एखादा कोतवाल. वेगवेगळ्या जाती एकत्र फिरतात, कारण जास्त डोळे शिकऱ्यासारख्या शिकारी पक्ष्याला लवकर हेरतात आणि एकाने उडवलेला किडा दुसऱ्याला मिळतो. थवा दिसला की त्याच्या मागे धावू नका. तो ज्या दिशेला सरकतोय तिकडे दोन झाडं पुढे जाऊन थांबा, तो अंगावर चालून येतो. आणि पहिल्या चष्मेवाल्यावर अडकून राहू नका. सगळ्यांवरून एकदा नजर फिरवा, वेगळा कोण ते शोधा.

ऊन चढल्यावर, विशेषतः मार्च ते मे, पाण्याशी जा. गळका नळ, पाटाचा ओला काठ, झाडाच्या आळ्यात साचलेलं पाणी चालतं. आठ-दहा मीटरवर झाडाला टेकून बसा. स्वच्छ मोठ्या हौदापेक्षा बोटभर पाण्याचं डबकं छोट्या पक्ष्यांना आवडतं, कारण त्यांना त्यात उभं राहून अंघोळ करता येते. दिवसभर शेंड्यात दडणारे पक्षी इथे डोळ्यांच्या पातळीला येतात.

कान

झाडीत निम्म्याहून जास्त पक्षी आधी ऐकू येतात. पन्नास आवाज पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. पहिल्या महिन्यात दहाच, पण पक्के.

तांबटाचा "टुक्-टुक्-टुक्" एका लयीत, तांब्याच्या भांड्यावर ठोके घातल्यासारखा. तो ओरडताना मान फिरवत राहतो, त्यामुळे आवाज कधी इकडून कधी तिकडून आल्यासारखा वाटतो. निष्पर्ण टोकं बघा. भारद्वाजाचं खोल, घुमणारं "कूप-कूप-कूप". शिंप्याचं "टोविट-टोविट-टोविट" इतकं मोठं की अंगठ्याएवढ्या पक्ष्याचं ते आहे यावर विश्वास बसत नाही. सुभगाची लांब शीळ शेवटी एकदम खाली घसरते. हळद्याचा बासरीसारखा छोटा तुकडा, आणि त्याच गळ्यातून मांजराच्या गुरगुरण्यासारखा कर्कश आवाजही. पावशाचं "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" पट्टी चढवत चढवत जातं आणि एकदम तुटतं. पावसाच्या तोंडावर रात्रीही. कोकीळ गाते म्हणतात, पण "कुऊ" करणारा काळा नर असतो. मादी "किक्-किक्-किक्" करत पळते. यात दयाळ, बुलबुल आणि सोनपाठी सुताराची उडताना येणारी खणखणीत किणकिण मिळवली की दहा झाले.

अकरावा आवाज पक्ष्याचा नाही. एकाच जागेवरून मिनिटन् मिनिटं न थांबता येणारं "चिक्-चिक्-चिक्" हे खारीचं असतं. नवशिक्यांचे कितीतरी तास त्या "पक्ष्या"चा शोध घेण्यात जातात. पण ती ओरड वाया जात नाही. खार, बुलबुल, सातभाई सगळे एका झाडाकडे तोंड करून कालवा करत असतील तर तिथे पिंगळा, शिक्रा, मांजर किंवा साप आहे. हळूच जाऊन त्यांची तोंडं जिकडे आहेत तिकडे बघा.

फोनवरचं मर्लिन हे ॲप आवाजावरून नाव सुचवतं. भारताचा पक्षीसंच आधी घरी उतरवून घ्या, मग बागेत इंटरनेट लागत नाही. त्याने नाव सुचवलं म्हणजे नोंद झाली असं मानू नका. कोतवाल शिकऱ्याची आणि इतरांची हुबेहूब नक्कल करतो आणि ॲप फसतं. त्याने सुचवलेला पक्षी डोळ्यांनी शोधा. दिसला तर तो आवाज जन्मभर लक्षात राहतो.

ओळख पटवताना

रंग सर्वांत शेवटी. झाडीतला उजेड रंग खोटे दाखवतो: आकाशाकडे बघताना सगळे काळे, पानांखाली सगळे हिरवट. आधी आकार ठरवा, ओळखीच्या पक्ष्यांच्या मापाने: चिमणीहून लहान, चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कबुतराएवढा, कावळ्याएवढा. मग चोच, कारण चोच म्हणजे त्याचं जेवण. मग शेपूट आणि ती तो कशी ठेवतो. मग वागणूक: एकाच जागेवरून झेप घेऊन परत तिथेच येतो की पानापानातून सरकतो? एवढं झाल्यावर रंग. वहीत चार रेषांचं चित्र काढा आणि पुस्तक तो उडून गेल्यावरच उघडा. पक्षी समोर असताना पुस्तकात बघणं म्हणजे त्याच्याकडे बघायचा वेळ घालवणं.

नेहमीचे गोंधळ थोडेच आहेत, ते एकदा सोडवून ठेवावेत.

शिक्रा आणि पावशा. वरून राखाडी, शेपटीवर पट्टे, उडण्याची ढबही सारखी. पावशा आला की छोटे पक्षी शिकरा समजून पळतात. चोच बघा: शिकऱ्याची आखूड, टोकाला आकडी, पावशाची बारीक आणि जवळजवळ सरळ, डोळ्याभोवती पिवळं कडं. पावशा बसल्यावर शेपूट डावी-उजवीकडे हलवतो.

कोकिळेची मादी. तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, लाल डोळ्याची. ती पाहून लोक नवा शिकारी पक्षी सापडल्याच्या आनंदात असतात.

जांभळा शिंजीर. विणीच्या काळात नर उन्हात निळा-जांभळा चमकतो, सावलीत नुसता काळा दिसतो. पावसाळ्यानंतर मात्र तो मादीसारखा पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ उरते. ती वेगळी जात नव्हे. फुलटोच्या याहून लहान, चोच आखूड, आणि अंगावर सांगण्यासारखी खूणच नाही. ही खूण नसणं हीच त्याची खूण.

हिवाळ्यातल्या पर्णवटवट्यांनी भल्याभल्यांना छळलं आहे. हिरवट, चिमुकल्या, क्षणभर स्थिर नाहीत. दोन अक्षरी "चि-वी" ऐकू आला आणि भुवई फिकट पिवळी दिसली तर हिरवट पर्णवटवट्या. आवाज ऐकू आला नाही तर वहीत सरळ "पर्णवटवट्या, जात नक्की नाही" असं लिहा. अंदाजाने लिहिलेलं नाव पुढे कुणाच्याही कामाचं नसतं.

लाल कंठाच्या माशीमारात लाल कंठ बऱ्याचदा नसतोच, कारण माद्या आणि लहान नर फिकेच असतात. शेपूट झटक्याने वर उचलणं आणि तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग, यावर जा.

नावांच्या बाबतीत एक सांगायला हवं: एकाच पक्ष्याला कोकणात, देशावर, विदर्भात वेगळं नाव असतं. शिपाई बुलबुल तोच नारद बुलबुल. माळ्याने सांगितलेलं नावही वहीत लिहून ठेवा.

वर्षाचं वेळापत्रक

सप्टेंबरपासून पाहुणे उतरू लागतात: पर्णवटवट्या, भोरड्या, पुढे राखी कोतवाल आणि माशीमार. स्वर्गीय नर्तक, लांब फितीच्या शेपटीचा, या येण्याजाण्याच्या दिवसांत बागेत दोन-चार दिवस मुक्काम करून जातो. ऑक्टोबरात आठवड्याला एक तरी फेरी हवीच. एप्रिलपर्यंत बहुतेक पाहुणे परततात. मे अखेर-जूनमध्ये नवरंग येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ झुडपाखालून ऐकू येते. शहरात प्रवासाने दमलेला नवरंग गॅलरीत किंवा अंगणात सापडतो. त्याला अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात शांत ठेवून वन विभागाला किंवा जवळच्या पक्षीबचाव केंद्राला कळवावं. पावसाळ्यात लोक बागेकडे फिरकत नाहीत, पण कस्तूर तेव्हाच गातो. छत्री मात्र गडद रंगाची घ्या.

नोंद

तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, चाललेलं अंतर, हवा, आणि प्रत्येक जातीची संख्या. "पुष्कळ" लिहू नका. "सुमारे ४०" लिहा. कावळे-कबुतरंही लिहायची. बागेतून एखादी जात हळूहळू कमी होते तेव्हा ती आधी अशा साध्या नोंदीतच दिसते, आणि झाडं तोडायची वेळ येते तेव्हा कागदावरचे आकडेच कामी येतात. शेवटच्या रकान्यात झाड लिहा: "हरियाल १२, पाटाजवळचा वड, फळं पिकलेली". वर्षभराने हा रकाना बाकी सगळ्यांहून मोलाचा ठरतो.

हीच यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तर ती जगभरच्या अभ्यासकांना वापरता येते. ओळखलेले सगळे पक्षी लिहिले असतील तरच "पूर्ण यादी" म्हणा. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते, त्यात किमान पंधरा मिनिटांची यादीही चालते. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पक्षीअभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. अनेक ठिकाणी त्या वेळी जाणकारांसोबत फेऱ्या निघतात. नवशिक्याने एक तरी करावी.

घरटं दिसलं तर

मागे फिरा. शिंप्याचं शिवलेलं पान किंवा शिंजिराचं कोळिष्टकांनी विणलेलं लोंबतं घरटं पुष्कळदा पायवाटेच्या अगदी कडेला असतं. चोचीत किडा धरून पक्षी जवळच्या फांदीवर ओरडत असेल आणि घरट्यात जात नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. फोटोसाठी आडवी येणारी पानं बाजूला बांधणं किंवा तोडणं हा सरळ गुन्हा मानावा: त्या पानांनी पिल्लांवरचं ऊन अडवलेलं असतं आणि कावळ्याची नजरही. विणीच्या काळात फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. नराला वाटतं दुसरा नर घुसला, आणि तो पिल्लांना भरवायचं सोडून त्याला शोधत बसतो. घरट्याची नेमकी जागा कोणत्याही गटावर टाकू नका.

खाली पडलेलं पिल्लू दिसलं तर आधी पिसं बघा. पिसं फुटलेली नसतील आणि घरटं हाताला येत असेल तर हळूच परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खरं नाही. पिसं आलेलं, फडफडणारं पिल्लू उडायला शिकत असतं. त्याला मांजर-कुत्र्यापासून वर, दाट झुडपाच्या फांदीवर ठेवा आणि दूर जा. आई-बाप जवळच असतात. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

संक्रांतीच्या आधी आणि नंतरचे दोन आठवडे पिशवीत छोटी कात्री ठेवा. फांद्यांमध्ये अडकलेला नायलॉन मांजा हाताला येईल तेवढा उतरवा, वीत-वीत लांबीचे तुकडे करा आणि कागदात गुंडाळून कचरापेटीत टाका. अख्खी गुंडी तशीच टाकली तर ती उकिरड्यावर पुन्हा कुणाच्या तरी पायात अडकते. मांज्यात लटकलेला जिवंत पक्षी दिसला तर दोर ओढू नका, पंख चिरतो. त्याच्या अंगावर कापड टाका, दोन्ही बाजूंनी मांजा कापा, अंगात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या आणि भोकं पाडलेल्या खोक्यात घालून पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.